सोन्या, रेलकार्ड चालत नाही बरं का

स्लाव, इंग्लंड, 23 जून 2024

सोन्या,

व्हॉट्सॅपवर लिहायला घेतलं होतं पण अंगठा दुखायला लागला म्हणून शेवटी लॅपटॉप उघडला, तेव्हा हे लांबणार, चहा घेऊन बस. काल फोनवर तू म्हणालास, "आई सगळे सेमच आहेत, मी नाही जाणार 4 जुलैला मत द्यायला" आणि मी गप्प बसले. ते पटलं म्हणून नाही, एक तर हात कणकेत होते आणि खरं सांगायचं तर मलाही पटकन उत्तर सुचलं नाही.

कारण कंटाळा मलाही आलाय रे. बघ ना, 2015 ला निवडणूक, 2016 ला ब्रेक्झिटचं, म्हणजे युरोपियन युनियन सोडायचं की राहायचं याचं सार्वमत, 2017 ला परत निवडणूक, 2019 ला भर डिसेंबरात अंधारात आणि गारठ्यात परत. ब्रिस्टलच्या त्या आजी आठवतात? 2017 ला टीव्हीवाल्यांनी रस्त्यात गाठून सांगितलं की निवडणूक लागलीय तर त्या म्हणाल्या थट्टा करताय का, परत एकदा? तेव्हा आपण किती हसलो होतो, आता मला वाटतं त्या बाई आपल्या सगळ्यांच्या वतीनेच बोलत होत्या. कॅमेरन, मे, जॉन्सन, ट्रस, सुनक, आठ वर्षांत पाच पंतप्रधान, त्यातल्या ट्रसबाई तर 49 दिवसांत गेल्या, आपला कोथिंबिरीचा डबा फ्रीजमध्ये जास्त टिकतो.

2016 चं तर बोलूच नको. तू बारा वर्षांचा होतास, तुला वाटलं आईबाबांचं भांडण पैशावरून झालंय. ते ब्रेक्झिटवरून होतं. बाबांना कुणीतरी सांगितलं युरोपचे लोक कमी आले की आपल्याकडच्यांना व्हिसा सोपा होईल, म्हणून त्यांनी लीव्हला (सोडायला) मत दिलं आणि मी रिमेनला (राहायला). दोन दिवस आम्ही फक्त "मीठ दे" एवढंच बोलत होतो. लाल बसवर आठवड्याला 350 मिलियन पाउंडचा आकडा लिहून लीव्हवाले एनएचएसला, म्हणजे सरकारी दवाखान्यांना देऊ म्हणाले होते, आणि आज उपचारांची वेटिंग लिस्ट पंच्याहत्तर लाखांवर गेलीये. बाबा आता तो विषय निघाला की बागेत पाणी घालायला जातात, पाऊस पडत असला तरी.

त्यात ह्या वेळी निकाल आधीच लागल्यासारखा आहे. 22 मेला सुनक भर पावसात भिजत निवडणूक जाहीर करत होते (बाबा म्हणाले, अरे कुणीतरी छत्री द्या त्या माणसाला) तेव्हापासून विरोधातला लेबर पक्ष सर्व्हेत साधारण वीस पॉइंटने पुढे आहे आणि आपल्या स्लावमध्ये तर 1997 पासून लेबरच येतंय. म्हणजे माझ्या एका मताने इथे काही हलणार नाही, हे मला चांगलं कळतं, उगाच तुला एकेक मत मोलाचं वगैरे शाळेतलं भाषण देणार नाही.

पण मे महिन्याच्या शेवटी एक गोष्ट झाली ती डोक्यातून जात नाहीये. आधी बातमी आली की सुनकचा पक्ष म्हणतोय, परत निवडून आलो तर अठरा वर्षांच्या पोरांना नॅशनल सर्व्हिस, म्हणजे सैन्यात नाहीतर समाजसेवेत काम, सक्तीची करू. दोनतीन दिवस गेले असतील नसतील, लगेच दुसरी बातमी, पेन्शनवाल्यांना टॅक्समध्ये जादा सूट, ट्रिपल लॉक प्लस. पोरांना काम आणि म्हाताऱ्यांना पैसे, एकाच आठवड्यात! आता मी काही म्हाताऱ्यांच्या विरोधात नाही, मीही होणारच आहे, पण हे असं का ते बघ ना. म्हातारे मत देतात, पोरं देत नाहीत, हे पक्षांच्या ऑफिसात सगळ्यांना पाठ आहे. 2023 ला सरकारी पेन्शन 10.1 टक्क्यांनी वाढली, ट्रिपल लॉकमुळे, म्हणजे महागाई, पगारवाढ आणि अडीच टक्के यातलं जे जास्त असेल तेवढी. त्याच वर्षी तुम्हा विद्यार्थ्यांचं राहण्याखाण्याचं मेंटेनन्स लोन किती वाढलं? 2.8 टक्के. तू तेव्हा फोन करून म्हणाला होतास की भाडं भरून हातात काही उरत नाही, आणि मला वाटलं होतं पोरगा बाहेरचं खाऊन पैसे उडवतोय, सॉरी.

आणि तुझा राग खोटा नाही, तेही सांगते. 2010 ला निक क्लेगच्या लिबरल डेमोक्रॅट पक्षाच्या उमेदवारांनी युनिव्हर्सिटीच्या फीवाढीच्या विरोधात मत देऊ अशा सह्या करून दिल्या होत्या, मग सरकारात गेले आणि 2012 पासून फी तिप्पट करून वर्षाला नऊ हजार पाउंडांवर नेली. आता तू 9,250 भरतोयस, म्हणजे भरतोयस कसलं, डोक्यावर घेतोयस. असं झाल्यावर पोरांनी का विश्वास ठेवायचा? पण मग पोरं घरी बसली आणि ते जास्तच निवांत झाले, असं मला वाटतं.

शेजारच्या पोलिश काकू आठवतात ना, तुला पिएरोगी द्यायच्या त्या. आपल्याआधी आल्या इथे, टॅक्स भरतात, पण पार्लमेंटसाठी त्यांना मत नाही. आणि मी? अजून भारताचा पासपोर्ट, तरी मत आहे, का तर म्हणे कॉमनवेल्थ. ओळखपत्र म्हणूनही तोच निळा पासपोर्ट चालतो. काकू परवा कुंपणावरून विचारत होत्या कुणाला देणार, मला एकदम ओशाळल्यासारखं झालं.

साताऱ्याला 7 मेला मतदान होतं. आजी ब्याऐंशीची, ऊन मी म्हणत होतं, तरी गेली. व्हिडिओ कॉलवर शाईचं बोट दाखवत होती आणि त्याच दमात शिव्या, "आरं कोन कुठल्या पक्षात हाय त्येच कळंना, धनुष्यबाण बी दोघांचा न घड्याळ बी दोघांचं." मी विचारलं मग गेलीस कशाला, तर म्हणाली, "न्हाई गेलं तर यादीतनं नाव कापत्यात." तसं काही नसतं गं म्हणून मी तिला समजावून दमले. कुणाला दिलं ते मात्र आजोबांनाही सांगितलं नाही.

इथे नोटाचं बटण नाही, तेवढं आपल्याकडचं बरं. पण तुला कुणीच पटत नसेल तर कागदावर काट मारून ये, किंवा काय लिहायचंय ते लिही, बाद मतं मोजतात आणि आकडा जाहीर होतो. न जाणाऱ्यांत आळशी कोण आणि चिडलेला कोण, हे कुणालाच कळत नाही.

बाकी तुझं नाव लीड्स आणि स्लाव दोन्हीकडच्या मतदारयादीत आहे, पण मत एकाच ठिकाणी द्यायचं, नाहीतर गुन्हा आहे. 4 जुलैला, गुरुवारी, सकाळी सात ते रात्री दहा. कॅफेची शिफ्ट सहाला संपते ना? आणि तुझं ते तरुणांचं ट्रेनच्या सवलतीचं रेलकार्ड ओळखपत्र म्हणून चालत नाही, म्हाताऱ्यांचा बसपास चालतो (बघ, परत तेच). प्रोव्हिजनल (शिकाऊ) लायसन्स घेऊन जा, ते निळ्या सॅकच्या आतल्या कप्प्यात आहे, मीच ठेवलं होतं.

तू गेलास की नाही ते मी विचारणार नाही. बाबा विचारतील, त्यांना काहीही सांग. चिवडा बुधवारपर्यंत पोचेल, ह्या वेळी शेंगदाणे जरा जास्त भाजले गेलेत.

आई