शिकागोचे रूळ वाचायला शिकवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सविनय नमस्कार.

लेकीकडचा मुक्काम आटोपून गेल्या आठवड्यात मी कल्याणला सुखरूप परतलो. हे पत्र खासगीत पाठवता आले असते; पण माझ्यासारखे अनेक आईवडील मुलांकडे शिकागोला जातात आणि उंच इमारती पाहून परत येतात, त्यांच्याही वाचनात ते यावे म्हणून उघडपणे लिहीत आहे.

आपली पहिली भेट शिकागो इतिहास संग्रहालयात झाली. ‘पायोनियर’ इंजिनापुढे उभा राहून मी नातीला चाकांची रचना समजावून सांगत होतो आणि मागून मराठीत प्रश्न आला, ‘आपण रेल्वेतले का?’ कल्याण यार्डात 34 वर्षे काढल्याचे मी सांगितले, तेव्हा आपण हात धरून मला बाकावर बसवलेत. हे इंजिन जुनेच विकत घेतलेले होते, सरोवरातून जहाजाने आणून उतरवले गेले आणि 25 ऑक्टोबर 1848 रोजी शहराबाहेर पश्चिमेकडे धावले, म्हणजे आपल्या बोरीबंदर-ठाणे गाडीच्या साडेचार वर्षे आधी, हे मला तेथेच कळले. ते इंजिन चालवणाऱ्या रेल्वे कंपनीच्या नावात गलीना हे शिशाच्या खाणींचे गाव होते, मात्र तिचे स्वतःचे रूळ फ्रीपोर्टलाच थांबले आणि गलीनापर्यंत कधी गेलेच नाहीत. ही गोष्ट सांगताना आपल्याला झालेला आनंद मला अजून आठवतो.

त्यानंतरच्या सहा शनिवारी आपण मला जे दिलेत, ते मी विकत घेऊ शकलो नसतो. शिकागोतून गाड्या आरपार जात नसत, तर पूर्वेकडच्या कंपन्या तेथे संपत आणि पश्चिमेकडच्या तेथून सुरू होत. त्यामुळे एका शहरात सहा मोठी स्थानके उभी राहिली आणि लांबच्या प्रवाशाला बहुधा सामानासह एका स्थानकातून दुसऱ्यात जावे लागे, हे आपण नकाशावर बोट ठेवून दाखवलेत. मग डिअरबॉर्न स्थानकाच्या लाल विटांच्या मनोऱ्याखाली नेलेत. 1885 साली उघडलेल्या त्या स्थानकातून 1971 नंतर लांब पल्ल्याची गाडी सुटलेली नाही. दर्शनी इमारत तेवढी उभी आहे, आणि मागे जेथे रूळ पसरले होते तेथे आता घरे आहेत. ज्याने आयुष्यभर यार्ड पाहिले, त्याला असे नाहीसे झालेले यार्ड पाहून गलबलून येते, हे आपण न सांगता ओळखलेत आणि बराच वेळ काही बोलला नाहीत.

रस्त्यांवर आडवे येणारे मातीचे उंच भराव आणि त्यांखालचे काळोखे बोगदे मी आधी रोज पाहत होतो, पण ते का आहेत असा प्रश्न मला पडला नव्हता. फाटकांवर दरवर्षी माणसे चिरडली जात, म्हणून 1890 च्या दशकापासून महापालिकेने कंपन्यांना रूळ भरावावर, रस्त्याच्या वर न्यायला भाग पाडले, हे आपण सांगितल्यावर लेकीच्या घराजवळचा भरावही मला निराळा दिसू लागला. फाटकावरचे अपघात मी जवळून पाहिले आहेत. त्या हुकमाचे मोल मला कळते.

सर्वांत मोठे ऋण मात्र न्यूबेरी ग्रंथालयातल्या त्या दोन दिवसांचे आहे. रेल्वेची शयनयाने चालवणाऱ्या पुलमन कंपनीची दप्तरे तेथे जपलेली आहेत. एवढ्या मोठ्या ग्रंथालयात मला कोण आत घेणार, असे वाटून मी दारातच अडखळलो होतो. आपण वाचकपत्र काढून दिलेत, मागणीचा अर्ज भरून दिलेत, आणि आत पेन चालत नाही म्हणून स्वतःची पेन्सिल माझ्या हाती ठेवलीत. शयनयानातल्या एका पोर्टरचे, म्हणजे प्रवाशांची सेवा करणाऱ्या कर्मचाऱ्याचे, सेवापत्रक समोर आले. हे पोर्टर बहुतेक कृष्णवर्णीय असत. नेमणूक, बदली, समज, पुन्हा समज. आमच्याकडची सर्व्हिस शीट अशीच असते. पूर्ण पगारासाठी महिन्याला 400 तास किंवा 11,000 मैल, प्रवाशांच्या बुटांचे पॉलिशही पदरचे, आणि प्रवासी सरसकट हाक मारणार ‘जॉर्ज’, म्हणजे मालक जॉर्ज पुलमन यांच्या नावाने, हे आपण हळू आवाजात सांगत होता. 1894 च्या पुलमन संपात उतरलेल्या युनियनने कृष्णवर्णीयांना सभासद करून घेतले नव्हते. त्यांची स्वतःची संघटना ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली 1925 मध्ये उभी राहिली आणि कंपनीने करारावर सही करायला 1937 उजाडले. मी स्वतः युनियनचे काम केले आहे. त्या बारा वर्षांत किती जणांच्या सेवापत्रकावर समज चढली असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

आपण तिकडच्या रेल्वेत नोकरी केलीत, निवृत्त झालात, आणि आता गुडघे दुखत असतानाही एका अनोळखी माणसासाठी इतके चाललात. आपल्या पायऱ्या चढण्याच्या कष्टांची मला जाणीव होती, तरी मी हावरेपणाने पुढचा शनिवार मागत राहिलो. काकूंनी दरवेळी बांधून दिलेल्या थालीपिठांबद्दल त्यांनाही माझे मनःपूर्वक धन्यवाद कळवावेत.

युनियन स्टॉकयार्ड या जुन्या गुरांच्या बाजाराची दगडी कमान पावसामुळे पाहायची राहून गेली. पुढच्या जूनमध्ये येत आहे. तोवर आपल्याला हवी असलेली भोर घाटातल्या जुन्या रिव्हर्सिंग स्टेशनची, म्हणजे जेथे गाडीची दिशा उलटी केली जाई त्या स्थानकाची, छायाचित्रे काढून पाठवतो. पेन्सिल माझ्याकडेच राहिली आहे, ती येताना आणीन.

आपला ऋणी,
कल्याणचा एक निवृत्त रेल्वे कर्मचारी