रात्री दोन वाजता तू कुणासाठी जागतोस?

सातारा
12 एप्रिल 2026

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

हे फोनवरच लिहिलं असतं, तर कुठल्या तरी युद्धाच्या आणि अपघाताच्या बातमीमध्ये ते अडकलं असतं. म्हणून कागद घेतला. परवा वहिनींशी बोललो. त्यांनी तक्रार केली नाही, एवढंच विचारलं, "रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बातम्या बघत बसतात. भावजी, तुम्हाला काही बोलले का?" तेव्हापासून तू डोक्यातून जात नाहीस.

ही सवय तुला कुठून लागली ते मला माहीत आहे, आणि म्हणूनच तुला कुणी नावं ठेवली की मला राग येतो. एप्रिल 2021, कोरोनाची दुसरी लाट. नाशकात बेड नव्हते, रेमडेसिव्हिरसाठी रांगा होत्या. 21 तारखेला झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनची गळती झाली आणि वीसहून अधिक माणसं गेली. दोनच दिवसांनी विरारच्या रुग्णालयाला आग लागली. त्या दिवसांत तू फोन खाली ठेवला नाहीस, कारण तो खाली ठेवून चालणारच नव्हतं. कुठे बेड रिकामा झाला, कुठल्या नंबरवर सिलिंडर मिळतोय, कुणाचा प्लाझ्मा चालेल, सगळं तुझ्या हातातल्या त्या पडद्यावर येत होतं. मेसेज अर्धा तास उशिरा वाचला की बेड दुसऱ्याला गेलेला असायचा. आलेला प्रत्येक नंबर तू आधी स्वतः लावून बघायचास, बंद असलेले काढून टाकायचास आणि मगच पुढे पाठवायचास. माझ्या मामांना बेड मिळाला तो तुझ्यामुळे, हे आमच्या घरात आजही कुणी विसरलेलं नाही.

लाट ओसरली, तुझा अंगठा मात्र चालतच राहिला. फरक कुठे पडला ते सांगतो. तेव्हा समोर येणाऱ्या दुःखाला तुझ्याकडे काहीतरी उत्तर होतं, निदान एक फोन तरी. आता रात्री तू जे बघतोस, त्यातल्या एकाही गोष्टीला तुला उत्तर देता येत नाही. गेल्या जूनमध्ये अहमदाबादचं विमान पडलं, तेव्हा तो व्हिडिओ तू किती वेळा पाहिलास? माझ्याशी बोलताना कुठल्या सीटवर कोण होतं तेही तू सांगत होतास. त्या घरांसाठी तुझा जीव तुटत होता यात मला शंका नाही. पण तुझी ती तगमग त्यांच्यापर्यंत पोचत नव्हती, तुझ्याच घरात साचत होती.

2013 साली बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाले. नंतर संशोधकांनी साडेचार हजारांहून अधिक लोकांना प्रश्न विचारले. स्फोटानंतरच्या आठवड्यात जे रोज सहा तास किंवा जास्त वेळ त्याच बातम्या बघत होते, त्यांनी सांगितलेला ताण प्रत्यक्ष स्फोटाच्या ठिकाणी किंवा जवळपास असलेल्यांपेक्षाही जास्त होता. हे वाचलं आणि मला तूच आठवलास. माणूस घरात बसलेला असतो, पण अंगाला धक्का बसायचा तो बसतोच.

शिवाय ही सगळी रचनाच थांबू न देणारी आहे. वर्तमानपत्राला शेवटचं पान असतं. आकाशवाणीच्या प्रादेशिक बातम्या दहा मिनिटांत आटोपायच्या आणि आपले वडील रेडिओ बंद करून कामाला लागायचे. 2006 साली अझा रास्किन नावाच्या माणसाने पान कधी संपूच नये अशी सोय बनवली, आणि पुढे त्यालाच तिचा जाहीर पश्चात्ताप झाला. बातमीचे मथळे तर मुद्दाम पारखूनच ठेवलेले असतात. एका अमेरिकी संकेतस्थळाचे लाखभर मथळे तपासून 2023 साली जे संशोधन छापून आलं, त्यात आढळलं की मथळ्यात एक नकारात्मक शब्द वाढला की त्यावर क्लिक करणारे सुमारे 2.3 टक्क्यांनी वाढतात. म्हणजे रात्री दोन वाजता तुझ्यासमोर जे येतं ते जग जसं आहे तसं नाही. तुझी नजर जिथे अडकते तेवढंच निवडून आणलेलं आहे.

तू म्हणशील, मग डोळे मिटून घ्यायचे का? आपल्यासारखे सुखात बसलेले लोक बघणारच नसतील तर कुणी बघायचं? हा प्रश्न खरा आहे आणि तो तुला पडतो म्हणूनच तू माझा मित्र आहेस. पण नुसतं बघून माणसाला शहाणपण येतंच असं नाही. धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा आठवून बघ. 1 जुलै 2018, मुलं पळवणाऱ्या टोळीची अफवा, आणि भिक्षा मागून जगणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच माणसांना जमावाने ठेचून मारलं. भीती आधीच मोबाइलमधून घरोघर पोचली होती. सतत घाबरलेल्या माणसाला समोरचा माणूस दिसत नाही. तुझं तसं होईल असं मी म्हणत नाही. पण गल्लीत नवीन फेरीवाला आला की लेकीला आत बोलावतोस, असं वहिनी म्हणाल्या, तेव्हा मला फार वाईट वाटलं.

बातम्या सोड असं मी सांगणार नाही. सकाळचा पेपर वाच, सगळा वाच, अगदी गंगापूर धरणात किती पाणी उरलंय तेसुद्धा. रात्री फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लाव आणि बातम्यांच्या सूचना बंद कर. एवढं कर, बाकी मी येतो तेव्हा बोलू.

आणि एक काम आहे, ते तुलाच जमेल. मे महिन्यात कॉलेजं बंद असतात, लोक गावी जातात, शिबिरं होत नाहीत आणि रक्तपेढ्यांमध्ये तुटवडा पडतो. थॅलेसेमिया या रक्ताच्या आजाराच्या मुलांना मात्र दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतंच, त्यांना सुट्टी नसते. साठवलेलं रक्त जेमतेम 35 ते 42 दिवस टिकतं, त्यामुळे आत्ता एप्रिलमध्ये घेऊन ठेवलं तरी सगळा मे निघत नाही. शिबिर मेच्या मध्यावरच घ्यायला हवं. तुमच्या सोसायटीचा हॉल मिळेल ना? मी शनिवारी, 25 तारखेला पहाटेच्या गाडीने निघतोय. तोवर रक्तपेढीला तारीख विचारून ठेव, आणि 2021 मध्ये तू रक्तगटांसकट नावं लिहिलेली ती वही शोध. ओ निगेटिव्हवाल्यांना आधी फोन करू. वहिनींना सांग, कंदी पेढे आणतोय.

तुझाच मित्र