खुले पत्र : ‘ट्रेंचलेस’ एवढे लिहून भागत नाही

मा. आयुक्त,
नाशिक महानगरपालिका

स. न.

सिंहस्थ २०२७ मध्ये आहे. जुन्या नाशकातल्या बोळांत पोकलेन शिरत नाही, आणि खोल चर खणला तर वाड्यांच्या पायांना धोका. म्हणून न खोदता (‘ट्रेंचलेस’) मलवाहिन्या बदलण्याचा आग्रह रास्तच. पण निविदेत तेवढाच शब्द लिहून भागत नाही; पद्धत बोळ पाहून ठरवावी लागते.

पाइप बर्स्टिंगमध्ये जुन्या पाइपातून लोखंडी शंकू ओढतात. तो पाइप फोडून तुकडे बाजूच्या मातीत दाबतो आणि मागोमाग वेल्ड केलेला एचडीपीई (टणक प्लास्टिकचा) पाइप ओढला जातो. व्यास वाढवायचा असेल तर हे उत्तम. मात्र दोन्ही टोकांना खड्डे लागतात, शिवाय प्रत्येक घरजोडणीपाशी एक. शंभर मीटरच्या बोळात दोन्हीकडे दर पाच मीटरला घर धरा : चाळीस खड्डे. मग वाचवले काय? त्यातून जुना चर काळ्या पाषाणात फोडलेला असला तर तुकड्यांना सरकायला जागाच नसते. शंकू अडकतो, नाहीतर वरचा रस्ता फुगतो.

तिथे अस्तर बरे. रेझिनमध्ये (तापवले की कडक होणाऱ्या द्रवात) भिजवलेली फेल्टची, म्हणजे जाड नमद्यासारख्या कापडाची नळी चेंबरमधून पाण्याच्या दाबाने उलटवत आत सोडतात, गरम पाण्याने कडक करतात आणि घरजोडण्यांची तोंडे आतूनच रोबो कटरने उघडतात. ३०० मिमी पाइपात ६ मिमी अस्तर घातले तरी व्यास २८८ उरतो, आणि आतून गुळगुळीत झाल्याने वहन फारसे घटत नाही. पण पाइप मध्येच खचला असेल तर अस्तरही तसेच खचलेले बसते. तेवढा तुकडा खोदूनच ढाळात आणावा लागतो.

म्हणून आधी जेटिंग (जोरदार दाबाच्या पाण्याने सफाई), मग पाइपात कॅमेरा, त्यानंतर पद्धत. चित्रीकरणात प्रत्येक घरजोडणीचे चेंबरपासूनचे अंतर आणि दिशा (घड्याळाच्या दोनला की दहाला) नोंदवून घ्या. नोंद चुकली की कटर भलतीकडे भोक पाडतो आणि कुणाच्या तरी मोरीत मैला वर येतो.

दर नुसता रनिंग मीटरवर (पाइपाच्या लांबीवर) ठेवू नका. सफाई, बायपास पंपिंग (काम चालू असताना मैलापाणी पंपाने पुढे वळवणे) आणि घरजोडणी या वेगळ्या बाबी हव्यात. नाहीतर गाळ तसाच ठेवून अस्तर घातले जाते, त्याला सुरकुत्या पडतात आणि चिंध्या तिथेच अडकतात. रेझिनचा उग्र वास घरात शिरतो. तो अडावा म्हणून आदल्या दिवशी नहाणीच्या ट्रॅपमध्ये (पाणी साठून राहणाऱ्या वळणात) पाणी ओतायला रहिवाशांना सांगा.

अंतिम देयक मात्र पहिल्या मोठ्या पावसानंतरच्या चित्रीकरणावरच द्या. गोदाकाठचे पाणी जोडांतून आत झिरपते की नाही, ते तेव्हाच दिसते.

आपले,
मलनिस्सारण कामांतील काही अभियंते
नाशिक