तुझ्या त्या ‘विमोवे’बद्दल

प्रिय मित्रा,

पत्राच्या तळाशी तू सहज विचारलंस, “ते विमोवे म्हणजे नक्की काय रे?” आणि माझा अख्खा रविवार त्यात गेला. आठवतं ना, बादलीवर ताल धरून आपण रात्री-अपरात्री ‘द लायन स्लीप्स टुनाइट’ गाण्यातलं ‘विमोवे, विमोवे’ ओरडायचो? हा आफ्रिकेतला शिकारीचा मंत्र आहे, असं तू तेव्हा छातीठोकपणे सांगायचास. मंत्रबिंत्र काही नाही. ऐकण्यातली चूक आहे ती.

मूळ गाणं 1939 मधलं, जोहान्सबर्गच्या गॅलो कंपनीच्या स्टुडिओत मुद्रित झालेलं. सॉलोमन लिंडा हा झुलू गायक आपल्या ‘ईव्हनिंग बर्ड्स’ मंडळींना घेऊन तिथे गायला. गाण्याचं नाव ‘म्बुबे’, म्हणजे सिंह. शब्द अगदी मोजके. खालच्या पट्टीतले आवाज ‘उयिम्बुबे’, म्हणजे ‘तू सिंह आहेस’, हे एकच पालुपद घोळवत राहतात आणि त्यांच्यावरून लिंडाचा उंच, चिरकत जाणारा आवाज सुटतो. पहिले दोन टेक कसेबसे झाले. तिसऱ्या टेकला, गाणं संपत आलेलं असताना, लिंडाला ऐनवेळी एक सुरावट सुचली आणि तो ती गाऊन मोकळा झाला. ती जेमतेम पंधरा सुरांची. पुढे सगळं जग गुणगुणलं ते हेच सूर.

दक्षिण आफ्रिकेत ही तबकडी इतकी खपली, की त्या धाटणीच्या गायनालाच ‘म्बुबे’ म्हणू लागले. लिंडाला हक्कांपोटी मिळाले दहा शिलिंग. आणि त्याच कंपनीच्या गोदामात नोकरी.

पुढे लोकसंगीताचे अभ्यासक ॲलन लोमॅक्स यांच्याकडून ती तबकडी अमेरिकेत लोकगायक पीट सीगर यांच्या हाती आली. सीगर तेव्हा आजारी होते. तबकडी पुन्हा पुन्हा लावून त्यांनी कानाने गाणं उतरवून घेतलं आणि ‘उयिम्बुबे’चं झालं ‘विमोवे’. त्यांच्या ‘वीव्हर्स’ या गायकांच्या चमूने ते 1952 च्या सुमारास वाद्यवृंदाच्या साथीने गाजवलं. तबकडीवर संगीतकार म्हणून नाव होतं पॉल कॅम्पबेल. या नावाचा माणूसच नव्हता, ते टोपणनाव होतं! सीगरनी नंतर लिंडाला हजार डॉलर पाठवले, हेही सांगितलं पाहिजे. मी त्यांना लबाड म्हणणार नाही. पण लोकगीत म्हटलं की ते कुणाचंच नाही, असं त्या काळी फार सहज धरलं जायचं.

खरी उडी 1961 मधली. ‘टोकन्स’ नावाच्या ब्रुकलिनच्या पोरांसाठी जॉर्ज वाइस आणि सहकाऱ्यांनी इंग्रजी शब्द रचले आणि एक फार हुशारीची गोष्ट केली: लिंडाने शेवटी जाता जाता गायलेली ती ओळ उचलून थेट मुखड्यावर बसवली. वर अनिता डॅरियन या गायिकेचा ऑपेराच्या ढंगाचा आलाप. ‘द लायन स्लीप्स टुनाइट’ तबकडीच्या मागच्या बाजूला होतं आणि तरी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. (सिंह घनदाट जंगलात नाही, माळरानावर राहतो. आणि रात्री झोपत नाही, बऱ्याचदा शिकारीला निघतो. पण गाणं इतकं गोड आहे, की प्राणिशास्त्र गेलं खड्ड्यात.)

त्यानंतर रांगच लागली. फ्रान्समध्ये आंरी साल्वादोर, 1972 मध्ये अमेरिकेत रॉबर्ट जॉन, 1982 मध्ये ब्रिटनमध्ये ‘टाइट फिट’. तेही तिथे पहिल्या क्रमांकावर! 1994 मध्ये डिस्नेच्या ‘द लायन किंग’मध्येही ते आलं. यातली बरीचशी मी ओळीने ऐकली. खरं सांगतो, जितकं नवं मुद्रण, तितकी गाण्याची धार कमी. सिंह हळूहळू मांजर होत गेला.

लिंडा 1962 मध्ये गेला. बँकेत जेमतेम काही डॉलर होते, आणि थडग्यावर दगड बसवायलाही बायकोकडे पैसे नव्हते.

आता तुझ्यातल्या वकिलाला आवडेल असा भाग. 2000 मध्ये रायन मलान या पत्रकाराने हे सगळं प्रकरण खणून काढलं. मग वकील ओवेन डीन यांना 1911 च्या ब्रिटिश साम्राज्याच्या कॉपीराइट कायद्यातलं एक कलम सापडलं. लेखकाने हयातीत हक्क विकले असले, तरी त्याच्या मृत्यूनंतर 25 वर्षांनी ते वारसांकडे परत येतात, असं ते कलम सांगतं. म्हणजे 1987 पासून जुन्या साम्राज्याच्या मुलखांत गाणं लिंडाच्या मुलींचं! ज्या साम्राज्याने त्या माणसाला नीट जगू दिलं नाही, त्याच्याच कायद्याने मेल्यावर हात दिला. 2004 मध्ये डिस्नेवर दावा झाला आणि फेब्रुवारी 2006 मध्ये तडजोड. मागचे-पुढचे पैसे मिळायचं ठरलं, सहसंगीतकार म्हणून लिंडाचं नावही लागलं.

तू आता एक कर. 1939 चं मूळ मुद्रण शोध, आवाज मोठा ठेव आणि शेवटापर्यंत थांब. ती सुरावट एकदाच येते, आणि येते तीही अशी, जणू गाणाऱ्याला तिचं काही विशेष वाटलेलंच नाही. मी सलग सहा वेळा ऐकली. सातव्यांदा ऐकताना खाली बादलीचा ताल धरायची इच्छा झाली, पण घरातल्यांनी दार लावून घेतलं.

बादली घेऊन ये एकदा.

तुझाच,
बेसूर जोडीदार