माळ्यावरचे फिल्मचे डबे भंगारात देऊ नका

महोदय,

गिरगाव, परळ, दादरच्या जुन्या इमारती पुनर्विकासासाठी रिकाम्या होत आहेत. माळ्यावरून कुठे कुठे ३५ मिलिमीटर फिल्मचे गंजके डबे निघतात. ते भंगारात जातात, नाहीतर प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून नव्या घराच्या माळ्यावर चढतात. दुसरे जास्त धोक्याचे.

१९५० च्या सुमारापर्यंतची ३५ मिलिमीटर फिल्म बहुधा नायट्रेटची, म्हणजे नायट्रोसेल्युलोज या झटकन पेट घेणाऱ्या पदार्थाची. काडतुसातली बिनधुराची दारूही त्याचीच. पण दारूत डायफिनाइलअमाइनसारखे स्थिरकारक घातलेले असते आणि सुटणारे नायट्रोजन ऑक्साइड ते पकडून ठेवते. म्हणून दारू मूळ बंद डब्यात, थंड कोरड्या जागी ठेवतात. फिल्मला तो आधार नाही. वायू डब्यात कोंडला की ओलाव्याशी मिळून नायट्रिक आम्ल होते, आम्लाने फिल्म कुजते आणि आणखी वायू सुटतो. तेव्हा प्लास्टिक, सेलोटेप काढा, झाकण सैल ठेवा. डबे आडवे, हवेशीर खोलीत ठेवा. गॅस, देव्हारा, स्विचबोर्डपासून लांब. संग्रहालये अशी फिल्म २ ते ४ अंश सेल्सिअस आणि २० ते ३० टक्के आर्द्रतेत ठेवतात. मुंबईच्या पावसाळ्यात घरी ते जमणार नाही, म्हणून ही सोय तात्पुरतीच.

ओळखायचे कसे? फिल्मच्या कडेला 'नायट्रेट' किंवा 'सेफ्टी' असे इंग्रजीत छापलेले असते. प्रतीवर अक्षरे काळी असतील तर ती त्याच फिल्मची; पांढरी उमटली असतील तर ज्या निगेटिव्हवरून प्रत काढली तिची. इथे पुष्कळजण फसतात. तुकडा जाळून पाहू नका. घरगुती ८ आणि १६ मिलिमीटरबद्दल ही काळजी सहसा नको, आणि व्हिनेगरचा वास येत असेल तर ती ॲसिटेटची, म्हणजे 'सेफ्टी' फिल्म.

नायट्रेट आधी पिवळसर पडते, चित्र फिकटते. मग चिकट होते, फुगे येतात, उग्र वास सुटतो, रिळाचा गोळा होतो आणि शेवटी तपकिरी भुकटी उरते. चिकटलेले रीळ उलगडायला जाऊ नका. कुजलेले रीळ बराच काळ ४१ अंशांच्या आसपास राहिले तरी आपोआप पेटू शकते. पत्र्याखालच्या माळ्यावर मे महिन्यात तेवढे तापमान सहज होते. नायट्रेट स्वतःचा प्राणवायू स्वतःच पुरवते, पाण्याखालीही जळते. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरने ते विझत नाही. धूर विषारी असतो आणि त्रास काही तासांनीही सुरू होतो. आग लागलीच तर बाहेर पडा, १०१ ला कळवा, नायट्रेट फिल्म आहे हे सांगा. २००३ साली पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधल्या नायट्रेट साठ्याला आग लागून अनेक जुने चित्रपट गेले. फिल्मवरच्या थरातली चांदी काढण्यासाठी विकली गेलेली रिळे वेगळीच.

डबे लोकलने किंवा कुरिअरने पाठवू नका. आधी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला फोन करून किती डबे आहेत, आतली फिल्म कोणत्या अवस्थेत आहे ते सांगा. डब्यातली चिठ्ठी, सेन्सॉरचा कागद बाहेर काढून वेगळ्या पाकिटात ठेवा, आम्लाने कागदही कुजतो.

– जुन्या चित्रफितींच्या जतनाचे काम करणारे काही तंत्रज्ञ, मुंबई