पहिल्या तीन दिवसांचा गल्ला

संपादक महोदय,

मोठे सिनेमे लागले की परभणीत टपरीवर एकच वाद: कुणाचा गल्ला किती कोटींचा? ११ ऑगस्ट २०२३ ला ‘गदर २’ आणि ‘ओएमजी २’ एकाच दिवशी आले, तेव्हा मित्रांमित्रांत हमरीतुमरी झाली. एक जण ग्रॉस (करासकट) सांगतो, दुसरा नेट (कर वजा करून); शंभराच्या वरच्या तिकिटात १८ टक्के जीएसटी असतो, हे ध्यानात कोण घेतो? त्यात पुण्या-मुंबईच्या मल्टिप्लेक्सचं एक तिकीट म्हणजे आमच्याकडची दोन-तीन तिकिटं. कोटींवरून माणसं कशी मोजायची?

मला काळजी मराठी सिनेमाची वाटते. ‘बाईपण भारी देवा’ची कमाई पहिल्यापेक्षा दुसऱ्या शनिवार-रविवारी वाढली होती, बायका घोळक्यानं, नटूनथटून जात होत्या. आमच्याकडे मात्र मोठा हिंदी सिनेमा आला की मराठीचा खेळ दुपारी बारावर ढकलतात. शेत, दुकान सोडून त्या वेळी कोण येणार? मग पहिल्या तीन दिवसांत तो ‘पडला’ म्हणायचं!

कोटींच्या आकड्याशेजारी पडदे किती, खेळ किती तेही छापावं, ही कळकळीची विनंती.

— एक वाचक, परभणी