मीटर माझ्याकडे वळवलंत, त्याबद्दल

काका, सप्रेम नमस्कार.

तुमच्या गॅरेजमधून दुरुस्त झालेली गाडी न्यायला आले तेव्हा 'थँक्यू' म्हणाले होते. तेवढ्याने माझं समाधान झालं नाही, म्हणून हे चार लोकांसमोर लिहितेय. तुमचं नाव घालत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. वाचलंत की ओळखालच.

वाचणाऱ्यांसाठी आधीची हकीकत थोडक्यात सांगते. गाडी थंड असेपर्यंत सुरळीत चालायची. इंजिन तापलं की मात्र चालता चालता बंद पडायचं. मग स्टिअरिंग जड, ब्रेक कडक, मागून हॉर्नवर हॉर्न, आणि मागच्या सीटवर माझी आई, जिला उपचारांसाठी नेणं चुकवता येत नाही. थोडा वेळ थांबलं, बॉनेट उघडून ठेवलं की पुन्हा पहिल्या चावीला सुरू. प्रत्येक वेळी घराबाहेर पडताना जीव टांगणीला लागायचा.

ज्या मोठ्या वर्कशॉपमध्ये गाडी नेत होतो तिथे स्कॅनर लावला. पी ०३३५ हा कोड आला, म्हणजे क्रँक सेन्सरच्या, इंजिन फिरतंय की नाही हे सांगणाऱ्या सेन्सरच्या, सर्किटची तक्रार. त्यांनी सेन्सर बदलला. गाडी पुन्हा बंद पडली. मग रिले बदलला, मग इग्निशन कॉइल, मग वायरिंग 'चेक केलं'. दरवेळी वेगळं बिल आणि दरवेळी 'आता नाही व्हायचा प्रॉब्लेम'. कोड सांगतो की तक्रार कुठल्या सर्किटमध्ये आहे. कुठला पार्ट मेलाय हे तो सांगत नाही, ते माणसानेच शोधायचं असतं. एवढी साधी गोष्ट मला तुमच्याकडे आल्यावर कळली, आणि ती तिथल्या एकानेही मला सांगितली नव्हती. उलट प्रश्न मी विचारला की काउंटरवरचा माणूस उत्तर माझ्या धाकट्या भावाकडे बघून द्यायचा. गाडी माझी, चालवते मी, बिल भरते मी. भाऊ नुसता सोबत आलेला.

शेवटी निकाल आला, 'ईसीएम गेलाय, नवीन टाकावा लागेल.' ईसीएम म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटरचा डबा. कशावरून, असं विचारलं. 'बाकी सगळं बदलून झालं ना मॅडम!' हे त्यांचं उत्तर. गाडीतल्या सर्वांत महागड्या इलेक्ट्रॉनिक पार्टपैकी एक, आणि तो बदलण्याचं कारण काय, तर दुसरं काही शिल्लक उरलं नाही.

तशी मी तुमच्याकडे आले. वैतागलेली होते, तुमच्यावरही विश्वास ठेवायच्या मनःस्थितीत नव्हते. तुम्ही स्कॅनर लावलात, पण पहिल्या ओळीवर थांबला नाहीत. खाली पी ०६४१ पण होता, म्हणजे सेन्सरांना मिळणाऱ्या व्होल्टेजच्या लाइनची तक्रार. मी आणलेल्या वर्कशॉपच्या छापील रिपोर्टवरही तो होता, दुसऱ्याच ओळीत. इतक्या वेळा तो कागद निघाला, आणि ती दुसरी ओळ कोणी वाचली नाही! तुम्ही मला समजावलंत की ईसीएम बॅटरीच्या १२ व्होल्टमधून सेन्सरांसाठी नेमके ५ व्होल्ट तयार करतो. ती लाइन पडली की तिच्यावरचे सगळे सेन्सर मुके होतात. आमच्या गाडीत क्रँक सेन्सर त्याच लाइनवर आहे. तो गप्प झाला की ईसीएमला इंजिन फिरतंय हेच कळत नाही, आणि तो ठिणगी आणि इंधन दोन्ही बंद करतो. म्हणजे सेन्सर निर्दोष होता. त्याला वीजच मिळत नव्हती.

आणि मग ते झालं, ज्यासाठी मी हे पत्र लिहितेय.

इंजिन थंड होतं, चालू होतं. तुम्ही कनेक्टरच्या मागून बारीक पिन घालून व्होल्ट मोजायचं मीटर त्या लाइनला जोडलंत आणि फेंडरवर ठेवलंत. ते तुमच्या तोंडासमोर होतं. तुम्ही क्षणभर थांबलात, फडक्याची घडी करून मीटरखाली सारलीत, ते माझ्याकडे वळवलंत आणि म्हणालात, "ताई, आकडा तुम्ही वाचा. मोठ्याने." मग हेअर ड्रायर घेऊन ईसीएमच्या डब्यावर गरम हवा सोडायला लागलात.

मी वाचत होते. ४.९८. ४.९८. ४.९७. बराच वेळ काहीच घडेना. तुम्ही ड्रायर हलवत राहिलात, घाई केली नाहीत, मधे एक शब्द बोलला नाहीत. मग ४.८. ४.६. ४.१, आणि इंजिन अडखळलं. ३.२ म्हणेपर्यंत बंद पडलं. रस्त्यात ज्या बंद पडण्याला मी घाबरत होते ते माझ्या डोळ्यांसमोर, तुम्ही ठरवून, पाडून दाखवलं होतंत. माझा आवाज कापत होता. भाऊही शेजारीच उभा होता, पण आकडा तुम्ही मला वाचायला सांगितलात.

तुम्हाला कदाचित यात काही विशेष वाटणार नाही. तुमचे दोन्ही हात अडकलेले, कोणीतरी आकडा वाचायला हवाच होता, असंही म्हणाल. पण इतक्या महिन्यांत मला कोणी काही दाखवलं नव्हतं. नुसतं सांगितलं होतं, तेही दुसऱ्याकडे बघून. त्या फडक्याच्या घडीने मला पहिल्यांदा वाटलं की ही गाडी माझी आहे आणि तिला काय झालंय हे समजून घ्यायचा मला हक्क आहे.

त्यानंतरही तुम्ही लगेच 'ईसीएम गेला' म्हणाला नाहीत. शॉर्ट झालेला एखादा सेन्सरही ती लाइन खाली ओढू शकतो, म्हणून एकेक सेन्सर काढून पाहिलात. मग बाहेर जाणारी वायरच सोडवून आकडा थेट ईसीएमच्या पिनवर घेतलात. ईसीएमला येणारा सप्लाय आणि अर्थिंग लोड टाकून तपासलंत. सगळं ठीक, तरी गरम झाल्यावर ५ व्होल्ट पडतायत. तेव्हा कुठे म्हणालात, "हां, आता म्हणायचं, ईसीएम गेला."

म्हणजे वर्कशॉपचं उत्तर आणि तुमचं उत्तर एकच निघालं. ते बरोबरच होते ना मग, असं मला एका नातेवाइकाने ऐकवलंही. नाही, ते बरोबर नव्हते. अंदाजपंचे मारलेला दगड लागला म्हणून त्याला निदान म्हणत नाहीत. त्यांच्या हातून नवा ईसीएम बसला असता तर तोही गेला असता, कारण जुना का मेला हे त्यांनी पाहिलंच नव्हतं. तुम्ही डबा उघडून भिंग माझ्या हातात दिलंत. बोर्डवर एका पार्टच्या पायाच्या सोल्डरभोवती केसाएवढी गोल चीर होती, आणि तिच्या कडेला हिरवट थर. पाणी शिरलं होतं. पुढच्या काचेखालच्या जाळीत पानं सडून पाण्याची वाट तुंबली होती, आणि पाणी वायरींच्या जुडग्यावरून ओघळत कनेक्टरपर्यंत पोचत होतं. नवा डबा हातात घ्यायच्या आधी तुम्ही ती पानं काढलीत, बादलीभर पाणी ओतून ते कुठून बाहेर पडतं हे बघितलंत.

पुढचं काम, म्हणजे लेबलवरचा नंबर तंतोतंत जुळवणं, प्रोग्रामिंग चालू असताना व्होल्टेज पडू नये म्हणून बॅटरीला सपोर्ट लावणं, इमोबिलायझरचा, म्हणजे चोरीपासून बचाव करणाऱ्या यंत्रणेचा, डेटा नव्यात घेऊन माझ्या दोन्ही चाव्या चालू करणं, ते तुमच्या हातचं. मी फक्त चावी फिरवली आणि गाडी सुरू झाली.

एक गोष्ट मात्र मला अजून पटलेली नाही. मी वर्कशॉपला शिव्या घालायला लागले तेव्हा तुम्ही मला थांबवलंत. "त्यांच्याकडे गाडी थंड असताना उभी असेल, ताई. फॉल्ट दिसला नसेल." तुमचा मोठेपणा. पण मी त्यांना ओरडून सांगितलं होतं की गरम झाल्यावर बंद पडते. त्यांनी ऐकलं नाही, तुम्ही ऐकलंत. हा फरक झाकायची तुम्हाला गरज नाही.

ज्याला समजत नाही त्याला अडाणी ठेवून पैसे काढणं फार सोपं असतं. गाडीचंच असं नाही, दवाखान्यात, कोर्टात, बँकेत, जिथे जिथे समोरच्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं तिथे आपण त्याच्या मर्जीवर असतो. अशा जागी बसूनही जी माणसं समोरच्याला पाहू देतात, विचारू देतात, त्यांच्याबद्दल कोणी कुठे लिहीत नाही. त्यांच्याकडे बोर्ड मोठा नसतो, एसी वेटिंग रूम नसते. मला अशी आणखी दोन-तीन माणसं माहीत आहेत, त्यांनाही आता पत्रं लिहिणार आहे.

जुना ईसीएम तुम्ही न मागता परत दिलात, वर चिकटपट्टी लावून कुठला पाय तुटलाय तेही लिहिलंत. माझ्याकडे पडून राहण्यापेक्षा तुमच्याकडे शिकणाऱ्या पोरांना दाखवायला तो उपयोगी पडेल. जाळी साफ करायला या म्हणाला होतात, तेव्हा घेऊन येते. आई पण येणार आहे, तिला तुम्हाला भेटायचंय.

आपली आभारी,
हेअर ड्रायरवाल्या गाडीची ताई